वस्त्रगाळ हळद

"ज्या घराच्या मिसळणाच्या डब्यात हळद आहे, त्या घराचा उंबरा ओलांडायची कुठल्याही रोगाची प्राज्ञा नाही!"

असं बन्सीभाऊ कऱ्हाळे यांनी बोईसरच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर जाहीर केलं. माईक बंद पडला होता, पण बॉयलरवर उमर काढलेल्या माणसाच्या आवाजाला माईक लागत नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यांना हळदीचं दूध मिळालं. आणि त्याच आठवड्यात बन्सीभाऊ स्वतः पिवळे पडले.

बन्सीभाऊ मूळचे वसमतकडचे, म्हणजे हळदीच्या मुलखातले. तरुणपणी ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्यात बॉयलरवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. निवृत्त माणसाला काहीतरी एक लागतं. कुणाला देव लागतो, कुणाला सोसायटीचं सचिवपद. बन्सीभाऊंना हळद लागली. (हे वाक्य लग्नाच्या अर्थाने घेऊ नये. तशी ती एकदाच लागली होती आणि त्यानंतर काय काय झालं हे सोजराबाई कुणालाही सांगायला तयार असतात.)

मोबाईलवर वाचून वाचून बन्सीभाऊंनी हळदीचा पार इतिहास पालथा घातला. संस्कृतात रात्रीला जेवढे शब्द आहेत ते सगळे हळदीलाही चालतात, ही माहिती त्यांनी दूधवाल्याला दिली. जुन्या काळी युरोपातल्या वैद्यांचा असा समज होता की देवाने प्रत्येक औषधावर आपली खूण करून ठेवली आहे. अक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणून तो डोक्याला. हळद पिवळी, म्हणून ती काविळीला. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनीही काविळीत हळद दिली. आणि आपल्या घरोघरच्या बायकांनी मात्र त्याच पिवळ्या रंगाकडे बघून नेमका उलटा निकाल दिला: पिवळ्या रोगाला पिवळं काही दाखवायचंसुद्धा नाही. हळद बंद, वरण पांढरं, रोग्याच्या अंगावर पिवळा सदरासुद्धा नको.

या खटल्यात बन्सीभाऊ वैद्यांच्या बाजूचे वकील होते, आणि त्याला कारण होतं. त्यांचे थोरले भाऊ महादू काविळीने गेले होते. तेव्हा आईने हळदीचा डबा शेजारच्या घरात नेऊन ठेवला होता, आणि महादू शेवटपर्यंत "आई, जरा पिवळं वरण दे की गं" म्हणत राहिले होते. त्या वरणाने भाऊ वाचला असता असं बन्सीभाऊ कट्ट्यावर म्हणत असत. घरी, एकटे असले की, त्यांना एवढंच वाटे की भावाने वरण मागितलं होतं आणि ते द्यायला हवं होतं.

असो. तर कट्ट्यावरच्या भाषणाची तयारी चालू असतानाच बन्सीभाऊंनी स्वतःवरही प्रयोग सुरू केला होता. रोज सकाळी कोमट दुधातून चमचाभर हळद. पण साधी दळलेली हळद त्यांना चालेना.

"जुने वैद्य चूर्ण वस्त्रगाळ करत," त्यांनी सोजराबाईंना सांगितलं. "वस्त्रगाळ! चाळणीची नाही. चाळणीनं गुण जातो."

"म्हंजे फडक्यातून गाळायची," सोजराबाई म्हणाल्या.

"फडकं नाही, वस्त्र."

"बरं, वस्त्र." सोजराबाई पुढे बोलल्या नाहीत. त्यांना त्या दिवसांत बोलायला वेळच नव्हता. त्यांची लेक उत्कर्षा पालघरच्या दवाखान्यात बाळंत होऊन घरी आली होती. मुलगी झाली होती. शेक, धुरी, डिंकाचे लाडू आणि जावई सुजितचे तासातासाला येणारे फोन, या सगळ्यात हळदीचं वस्त्र कुठलं याचा खल करायला कुणाला उसंत असणार? हळद गाळली गेली. ती इतकी मऊ निघाली की बन्सीभाऊ चिमटीत घेऊन म्हणाले, "याला म्हणतात शास्त्र."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी खालच्या मजल्यावरचा ज्ञानेश जिन्यात भेटला. ज्ञानेश जळगावकडचा, कारखान्यात फिटर. दुसऱ्याच्या तब्येतीत फार जीव असलेला माणूस.

"काका," तो थबकला. "उजेडात या बरं जरा."

बन्सीभाऊ उजेडात आले.

"हात दाखवा. उलटे नाही, तळवे." ज्ञानेशने तळवे पाहिले, मान पाहिली, कानाच्या पाळ्या पाहिल्या. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "काका, तुम्ही पिवळे पडले ना."

"डोळे बघ. काविळीत डोळे पिवळे होतात."

ज्ञानेशने डोळे पाहिले. "मधलेच आहेत," तो म्हणाला.

"मधले म्हणजे?"

"म्हणजे पांढरेही म्हणता येत नाही."

बन्सीभाऊ घरात आले आणि आरशापुढे उभे राहिले. चेहरा पिवळा होता. हात पिवळे होते. त्यांनी न्हाणीघरात जाऊन लघवी तपासली, तीही पिवळी होती. ती एरवी कुठल्या रंगाची असते याचा त्यांनी कधी अभ्यास केलेला नव्हता. त्यांनी साबण लावून तोंड खसखसून धुतलं, दोरीवरचा पंचा ओढून कोरडं केलं आणि पुन्हा आरशात पाहिलं. आधीपेक्षा जास्त पिवळं! पुन्हा धुतलं. पुन्हा पुसलं. रोग त्यांच्या डोळ्यांदेखत वाढत होता.

ते घाबरले ते स्वतःसाठी नव्हे. आतल्या खोलीत त्यांची नात होती. तिला त्यांनी अजून पोटभर मांडीवर घेतलंही नव्हतं. आधी दवाखान्यात ती काचेपलीकडे होती, मग घरी आली तेव्हा सोजराबाई म्हणाल्या, "आंगाला बाहेरची धूळ हाय, मग घ्या," आणि त्या "मग"मध्ये दिवस गेले. रविवारी बारसं होतं. आजोबाने मांडीवर घ्यायचं, आत्याने नाव कानात सांगायचं, असं ठरलेलं होतं. आणि आता हे.

"सोजरा," त्यांनी दारातूनच हाक मारली. "आत येत नाही मी. तिथूनच ऐक. मला महादूदादाचं झालंय."

सोजराबाईंच्या हातातला शेगडीचा चिमटा खाली पडला. महादूदादाचं नाव त्या घरात उगाच निघत नसे.

त्या दिवसापासून बन्सीभाऊंचा मुक्काम गॅलरीत हलला. ताट वेगळं, तांब्या वेगळा, गादी वेगळी. टॉवेल मात्र त्यांनी स्वतःच वेगळा ठेवला होता पहिल्यापासून. मागे माकुणसार गावात कारखान्यातल्या जुन्या साहेबांच्या मुलाचं लग्न झालं, तिथे हळदीच्या दिवशी आल्यागेल्या प्रत्येक पुरुषाच्या खांद्यावर एक पिवळाधमक पंचा टाकला होता. बन्सीभाऊंना तो फार आवडे. हळदीच्या अभ्यासकाला शोभतो, असं ते म्हणत. आता तोच एक सोबती उरला होता. तासातासाला ते हातपाय धूत आणि पुसत. जेवढे स्वच्छ होत तेवढे पिवळे होत.

आणि सोजराबाईंनी काय करावं? त्यांनी हळदीचा डबा उचलला आणि ज्ञानेशच्या घरी नेऊन ठेवला.

"सोजरा, हा अडाणीपणा आहे," बन्सीभाऊ गॅलरीतून म्हणाले. "जुन्या वैद्यांनी काविळीत हळद—"

"जुने वैद्य कुठं हाईत आता?"

"ते गेले."

"मग बसा गप. कशानं गेले ते बी म्हाईत नाही."

समोर पांढरं वरण आलं, पांढरा भात आला, बिनफोडणीचा दुधी आला. बन्सीभाऊंनी पांढऱ्या वरणाकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. निमूट जेवले. आतल्या खोलीतून नातीचं रडणं आलं की ते ताट बाजूला ठेवून ऐकत बसत. रडणं थांबलं की पुन्हा घास घेत.

उत्कर्षा आतून हाक मारायची, "बाबा, रक्त तपासा ना आधी! उगाच काय गॅलरीत बसलात?"

"जातो, जातो," बन्सीभाऊ म्हणायचे. महादूदादाचं रक्त तपासलं होतं, आणि मग जे कळलं ते कळलं होतं. न कळलेलं बरं, अशी त्यांची त्या एका बाबतीत वैज्ञानिक भूमिका होती.

शेवटी शनिवारी सकाळी ज्ञानेशने त्यांना रिक्षात घातलं. सोजराबाईही बसल्या, शेजारीण उत्कर्षापाशी थांबली. लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्ट दुपारनंतर मोबाईलवर येईल असं सांगितलं.

"दुपारपर्यंत काय करायचं?" बन्सीभाऊंनी विचारलं. त्यांना घरी जाऊन वाट बघायची नव्हती.

"एक माणूस आहे," ज्ञानेश म्हणाला. "डोंगराकडच्या पाड्यावर. जिव्याबाबा. कावीळ उतरवतो. चुन्याच्या पाण्यात हात धुतो आणि पिवळं पाणी थाळीत उतरतं. आमच्या खात्यातले निम्मे लोक जाऊन आले."

"आणि बरे झाले?"

"बरे झाले. दवाखान्याची औषधंपण चालू होती, पण गेले तर होते ना."

एरवी बन्सीभाऊंनी यावर अर्धा तास भाषण दिलं असतं. आज ते फक्त म्हणाले, "चल."

बोईसरच्या पूर्वेला रस्ता कारखान्यांची भिंत सोडतो आणि भाताच्या खाचरांतून डोंगराच्या अंगाला जातो. पाड्यावर जिव्याबाबाचं कुडाचं घर होतं. तो अंगणात टोपलीचा काठ विणत बसला होता. शेजारी त्याची बायको सोमी तांदूळ पाखडत होती. जिव्याच्या बोलीत लहानमोठं काही नव्हतं, सगळ्यांना "तू"च.

"काय झाला?"

"कावीळ," बन्सीभाऊ म्हणाले.

"कोन बोलला?"

"कुणी बोललं नाही. दिसते."

जिव्याने त्यांच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "रगत तपासला?"

"दिलंय आत्ताच."

"मंग ठीक. डाक्टर सोडायचा नाय. मी बी सोडत नाय. बस इथं, हात दे."

सोमीने पितळेची थाळी आणून ठेवली आणि एका तांब्यात निवळलेलं चुन्याचं पाणी. जिव्याने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, बन्सीभाऊंचे दोन्ही तळवे जोडून घेतले आणि वरून पाण्याची बारीक धार सोडली. ज्ञानेश थाळीकडे टक लावून होता. सोजराबाईंनी पदराची गाठ घट्ट धरली होती.

पिवळं पाणी उतरलं नाही.

बन्सीभाऊंचे तळवे लाल झाले. बोटांच्या पेरांतून, नखांच्या कडेने, हाताच्या रेघारेघांतून लाल रंग फुटला आणि थेंब थेंब थाळीत पडू लागला.

"रक्त!" ज्ञानेश ओरडला.

"अहो, काय झालं हे!" सोजराबाई उठून उभ्याच राहिल्या.

बन्सीभाऊंनी जिव्याकडे पाहिलं, कारण अशा वेळी माणूस जाणकाराकडे पाहतो. तर जाणकारच मागे सरकून भिंतीला टेकला होता.

"माझ्या बापाच्या टायमाला बी लाल नाय झाला," जिव्या म्हणाला. त्याने तांब्यात वाकून पाहिलं. "सोमी, काय टाकला तू यात?"

"मी काय टाकू? चुना हाय, चुना!"

"मंग हा लाल काय?"

शेवटचं काही बोलायचं तर आत्ताच, असं बन्सीभाऊंना वाटलं. "सोजरा," ते म्हणाले, "पोरीला सांग, आजोबाची फार इच्छा होती..." आणि डोळे भरून आले म्हणून त्यांनी त्या ओल्या हातांनी खांद्यावरचा पंचा ओढला आणि तोंडाला लावला.

पंचा बाजूला झाला तेव्हा सगळेच बघत राहिले. हातांनी जिथे जिथे धरला होता, तिथे तिथे पिवळ्या पंच्यावर लालभडक बोटं उमटली होती. पाचच्या पाच. लग्नघराच्या दारावर थापे उमटवावेत तशी.

सगळ्यांत आधी सोमी हसली. सूप खाली ठेवून, तोंडाला पदर लावून हसली. "आगं माझे आये! फडक्याला बी कावीळ झाली!"

सोजराबाई हसल्या नाहीत. त्या पुढे आल्या, त्यांनी पंच्याचं टोक हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि हुंगलं. हळदीच्या मुलखातली लेक ती. माहेरी दर साली हळदीला चुना लावून घरचं कुंकू करत. हळदीला चुना लागला की काय होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्या चेहऱ्यावर आधी उजेड पडला आणि लगोलग दुसरं काहीतरी पडलं.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "वस्त्रगाळ."

"काय?"

"तुमीच म्हनले ना, चाळनी नको, फडकं नको, वस्त्र पाहिजे."

"मग?"

"मग हे वस्त्र पातळ होतं. दोरीवर होतं. त्यातून गाळली, झटकलं आन् परत टाकलं दोरीवर."

बन्सीभाऊंनी पंच्याकडे पाहिलं. पंचा मुळातच पिवळा. त्यातली हळद कुणाच्या बापाला दिसणार होती? आंघोळ करून ओल्या अंगाला ते रोज हळद चोळत होते, आणि घाबरून जेवढ्या वेळा धुतलं तेवढ्या वेळा नव्याने चोळली होती.

"माझं वस्त्र?" ते म्हणाले. "एवढ्या घरात तुला माझंच वस्त्र मिळालं?"

"मग काय माझं नऊवारी आनू हळद गाळायला?"

"मी गॅलरीत झोपलो, सोजरा! मी पांढरं वरण खाल्लं!"

"ते तं मीच केलं. मला बी दुधीच होता."

जिव्या आता भिंतीपासून सुटला होता. त्याने थाळीतलं लाल पाणी नीट पाहिलं, तर्जनी बुडवली, सोमीच्या कपाळाकडे नेली आणि तिने हात झटकला तसा खूश होऊन म्हणाला, "कावीळ असती तं मी उतरवली असती. हळद उतरवायला साबण लागते. घरी जा."

"पण खरंच कावीळ नाही ना?" ज्ञानेशने विचारलं. त्याची जरा निराशा झाल्यासारखी दिसत होती.

"डोला बघ त्याचा," जिव्या म्हणाला. "कोंबडीच्या अंड्यासारा पांढरा हाय. मी मघाशीच बोलनार होतो. पन बोललो, लांबून आलाय, हात धुवून घेऊ दे."

परतीच्या वाटेवर, खाचरं संपून कारखान्यांची भिंत सुरू झाली तिथे मोबाईल वाजला. रिपोर्ट आला होता. ज्ञानेशने रिक्षा थांबवायला लावली, मोबाईल डोळ्यांजवळ नेला, वर खाली केला.

"काका, सगळं नॉर्मल आहे. लिव्हर तर माझ्यापेक्षा चांगलं आहे तुमचं."

बन्सीभाऊंनी रिक्षाच्या बाहेर पाहिलं. चिमणीतून धूर निघत होता, एक बाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फाटक ओलांडत होती, आणि ते सगळं त्यांना एकदम फार चांगलं वाटलं. ज्या धुराला त्यांनी जन्मभर शिव्या दिल्या, तोसुद्धा.

"थांबव, थांबव," ते म्हणाले आणि उतरले. पाटीवाली दांडी गावची कोळीण होती. पाटीत बोंबील होते, ताजे, काचेसारखे.

"कसे गं दिलेस?"

"भाऊ, तुमच्या हाताला काय लागलाय?" ती दचकली.

"कुंकू," बन्सीभाऊ ऐटीत म्हणाले.

तिने एकदा त्यांच्याकडे, एकदा रिक्षातल्या सोजराबाईंकडे पाहिलं आणि दोन बोंबील जास्त टाकले. का, ते तिलाच माहीत.

घरी आल्यावर सोजराबाईंनी ज्ञानेशच्या घरून डबा परत आणला. बोंबलांना हळद लागली, वरणात हळद पडली, आणि फोडणीचा वास जिन्यापर्यंत गेला. बन्सीभाऊंनी साबणाने, मग बेसनाने, मग दह्याने हात धुतले आणि सोजराबाईंनी हातात दिलेल्या कोऱ्या पांढऱ्या टॉवेलला पुसले. टॉवेल पांढराच राहिला. तो त्यांनी उजेडात धरून दोनदा खात्री केली. मग ताटावर बसले. पहिला घास पिवळ्या वरणाचा घेतला, आणि तो गिळायला त्यांना नेहमीपेक्षा जरा वेळ लागला. सोजराबाईंनी ते पाहिलं. वाढताना त्यांनी न विचारता वरणाची आणखी एक वाटी शेजारी ठेवली.

"एकाला दोन वाट्या?" बन्सीभाऊंनी विचारलं.

"खा. एक दादांची."

दोन्ही वाट्या संपल्या.

मग ते आतल्या खोलीच्या दाराशी गेले. इतके दिवस जो पडदा बाहेरून पाहिला होता, तो त्यांनी बाजूला केला. उत्कर्षा उशीला टेकून बसली होती. तिचे केस विस्कटले होते आणि डोळे अर्धवट मिटत होते. तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं आणि गाठोड्यातून एक नाक दिसत होतं.

"या बाबा," ती म्हणाली. "आईनं सांगितलं सगळं. घ्या तुमची नात."

बन्सीभाऊंनी मांडी घातली, हात पुढे केले. त्यांना धड धरता येईना, कोपर कुठे ठेवायचं ते कळेना, पण गाठोडं मांडीवर आलं आणि आपोआप जागेला बसलं. नाक जरा हललं. एक मूठ बाहेर आली आणि तिने आजोबाचा अंगठा पकडला, नखाच्या कडेला अजून थोडी लाली राहिलेला.

बन्सीभाऊंच्या छातीत इतके दिवस काहीतरी घट्ट बसलं होतं. ते सुटलं. आणि सुटलेली गोष्ट त्यांच्या बाबतीत नेहमी तोंडावाटेच बाहेर पडत असे.

"उत्कर्षा," त्यांनी सुरुवात केली, "माणसाला मरण समोर दिसतं ना बेटा, तेव्हा त्याला कळतं की आपण जन्मभर कशाकशाच्या मागे धावलो. जुने वैद्य, नवे डॉक्टर, पूर्व, पश्चिम... सगळे आपापल्या परीने बरोबर आणि सगळे आपापल्या परीने चूक. पण ही एक मूठ! ही मूठ काय म्हणते? ही म्हणते, की आजोबा, तुम्ही परत आलात. गॅलरीतून नाही, बेटा, फार लांबून परत आलोय मी. आणि आता मी ठरवलंय, की इथून पुढचं जे काही आयुष्य आहे, ते या मुठीच्या—"

"बाबा," उत्कर्षा म्हणाली.

"बोल बेटा." त्यांचा आवाज भरून आला होता.

"तेवढा पंखा एकवर करता का?"